शिस्त

कर्जतजवळच्या एका ठाकुरवाडीत, भाताच्या ओंब्यांवर उतरणाऱ्या पाखरांवर बेचकी रोखून, एक डोळा मिटून एक पोरगा उभा होता. चामड्यावर दाबलेल्या अंगठ्याचे नख पांढरे पडले होते. शाळेत जिच्यापायी बोलणी खावी लागतात त्या ‘शिस्ती’चे मूळ याच अंगठ्यात आहे, हे त्याच्या गावीही नसेल. फारसीत ‘शस्त’ म्हणजे अंगठा, तशीच तिरंदाज प्रत्यंचा ओढताना घालीत ती अंगठी, आणि पुढे निशाणही. म्हणूनच बंदुकीच्या अमदानीतही जुन्या मराठीत ‘शिस्त धरणे’ म्हणजे नेम धरणे. निशाणाच्या सरळ रेषेवरून व्यवस्था आणि मग कवायत, असा अर्थ सरकलेला दिसतो. गंमत अशी की, संस्कृत ‘नियमा’चा ‘नेम’ नेमका उलट वाटेने निशाणावर गेला! पोराने रबर सोडले. पाखरे उडाली, एकही पडले नाही.