तांब्याच्या रेघा

मुलखापासून दूर राहणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांपैकी अनेकांच्या माळ्यावर एखादा जुना रेडिओ, रेकॉर्डप्लेअर किंवा स्पूलचा टेपरेकॉर्डर पडून असतो. ‘आतला बोर्ड जळाला, आता काही होणे नाही’ असा निवाडा होऊनच तो बहुधा तेथे गेलेला असतो. हा निवाडा कितपत खरा, हे कळण्यासाठी त्या बोर्डाचा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे.

व्हॉल्व्हच्या जुन्या रेडिओत असा बोर्ड नसे. पत्र्याच्या चौकटीखाली प्रत्येक तार, रेझिस्टर आणि कंडेन्सर हातानेच सोल्डर केलेला असे. काम वेळखाऊ, पण बिघाड झाल्यास तो डोळ्यांना दिसे व हाताला लागे.

ही रीत पालटण्यात पाउल आयस्लर या अभियंत्याचा मोठा वाटा आहे. त्यांचा जन्म १९०७ साली व्हिएन्ना येथे झाला. ज्यू असल्यामुळे मायदेशी त्यांना काम मिळेना. म्हणून १९३६ साली ते इंग्लंडला गेले. छपाईच्या धंद्याशी त्यांचा परिचय होता. चित्राचा ब्लॉक करताना धातूचा नको तो भाग जसा आम्लाने खाऊन टाकतात, तशीच तांब्याच्या पातळ पत्र्यावर विजेची वाट छापून उरलेले तांबे विरघळवावे, ही त्यांची युक्ती. घर सोडून आलेल्या या माणसाची कल्पना पुढे घरोघरच्या रेडिओत जाऊन बसली. १९४७ साली ट्रान्झिस्टरचा शोध लागला आणि १९५४ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या ‘रीजन्सी टीआर-१’ या खिशात मावणाऱ्या रेडिओत छापील बोर्डच होता.

संच लहान झाले, स्वस्त झाले. पण नाजूकही झाले. जुने बोर्ड बहुधा कागद आणि फेनॉलिक राळ यांचे असत व त्यांवरील तांब्याचा थर मिलिमीटरच्या काही शतांशांइतकाच जाड असे. तापणाऱ्या रेझिस्टरखाली बोर्ड करपतो. पूर्ण कोळसा झालेल्या जागेतून वीज आडवाटेने वाहू लागते. इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर गळला की त्यातील द्रव तांबे खातो. सोल्डरिंगची इस्त्री क्षणभर जास्त टेकली, तर तांब्याची पट्टी सुटून वर येते. पुष्कळसे बोर्ड मूळच्या बिघाडापेक्षा अशा उतावळ्या दुरुस्तीनेच दगावले आहेत.

तरीही ती पट्टी म्हणजे अखेर एक तारच होय, हे विसरता कामा नये. जाणता कारागीर प्रथम वीज तोडतो आणि कंडेन्सरमध्ये साठलेला भार उतरवतो. कारण व्हॉल्व्हच्या संचात दोनशे व्होल्टहून अधिक दाब असू शकतो. मग तो गळलेला द्रव स्पिरिटने पुसतो, कोळसा झालेला भाग खरवडून काढतो, तुटलेल्या पट्टीच्या दोन्ही टोकांवरील लाख घासून तांबे उजळतो आणि त्यांवर बारीक तारेचा पूल बांधतो. शेवटी वाट अखंड झाली की नाही, हे मीटरने पडताळतो. या कामाला महागडी यंत्रसामग्री लागत नाही. निगुती लागते.

हा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. तबकड्यांवरील गाणी आज अन्यत्रही मिळतील. पण स्पूलवर घरच्यांनी भरून ठेवलेला आजोबांचा आवाज, आजीच्या ओव्या, मंडळाच्या गणेशोत्सवातील एखादे भाषण यांची दुसरी प्रत सहसा कोठेही नसते. यंत्र मुके झाले की फीतही मुकी होते. आणि फीतही काळाबरोबर जीर्ण होतच असते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी आमची एवढीच विनंती आहे : जुना संच भंगारात देण्यापूर्वी एकवार जाणत्या हाताला दाखवावा. तो बोलू लागला, तर प्रथम त्या फितींच्या नव्या प्रती करून घ्याव्यात आणि एक प्रत मंडळाच्या कपाटातही ठेवावी.