पळसावर जन्मलेली बांगडी

लाखेची बांगडी हातात घेतली की आधी तिचं हलकेपण जाणवतं. काचेच्या बांगडीपेक्षा ती जाड, पण भार नाही. अंगावर रंगाची झळाळी, मध्ये आरशाचे किंवा खड्यांचे ठिपके. गोंदिया जिल्ह्यात या बांगडीचं कूळ शोधायला लांब जावं लागत नाही. देवरी, सालेकसा, सडक-अर्जुनीकडच्या रानात पळस आणि कुसुम ही दोन्ही झाडं आहेत आणि लाखेचा किडा या दोघांचा जुना भाडेकरू आहे.

हा किडा जेमतेम दिसेल एवढा. अंड्यातून बाहेर पडलेली लालसर पिल्लं कोवळ्या फांदीवर पसरतात, सालीत सोंड खुपसून रस पितात आणि अंगाभोवती राळेचं कवच उभारत जातात. शेजारशेजारची कवचं जुळून फांदीला जाड पापुद्रा चढतो. तीच कच्ची लाख. पळस-बोरीवरची रंगिनी, कुसुमावरची कुसुमी. रंगिनीची वर्षाला दोन पिकं. पावसाळ्याच्या तोंडाशी किडा सोडला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात कतकी हाती येते, दिवाळीच्या सुमारास सोडला की पुढच्या जून-जुलैत बैसाखी. किडा सोडायचा म्हणजे बियाण्याच्या लाखेच्या काड्या नव्या फांद्यांना बांधायच्या, पुढचं काम पिल्लं करतात.

या राळेची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. पांडवांना जाळायला उभारलेलं लाक्षागृह महाभारतात आहे, म्हणजे लाख पेट घेते हे तेव्हाही ठाऊक होतं. कच्ची लाख धुतली की पाण्यात गडद लाल रंग उतरतो. पायाला लावायचा आळता मुळात त्याचाच. एकाच फांदीतून पायाचा रंग आणि हाताचा दागिना निघतो. मराठी सोनारालाही लाखेवाचून चाललेलं नाही. बोरमाळेचे पोकळ सोन्याचे मणी आतून लाखेने भरतात, म्हणून थोडक्या सोन्यात माळ भरघोस दिसते आणि मणी चेपत नाहीत.

बांगड्या घडवणारे ते लखेरा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर लिहिलेला ग्रंथ 1916 साली निघाला. त्यात लखेरा समाजावर स्वतंत्र प्रकरण आहे. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होतं. (स्वतंत्र गोंदिया जिल्हा 1999 सालचा.) आसपासचे गोंड रानातला डिंक आणि लाख इथे विकायला आणत, त्यावरून गावाचं नाव पडलं असं सांगतात. 1880च्या दशकात नागपूरहून राजनांदगावकडे रेल्वे गेली, पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अरुंद रुळांची गाडी गोंदियाहून जबलपूरला निघाली आणि रानातला माल गोंदियात उतरू लागला. गाव लाखेच्या कारखान्यांसाठी ओळखलं जाऊ लागलं.

कच्ची लाख काडीवरून खरवडायची, कुटायची, धुवायची, म्हणजे दाणा लाख होते. ती कापडाच्या लांब पिशवीत भरून निखाऱ्यांपुढे पिळत नेली की वितळलेला भाग बाहेर येतो. त्याचा पातळ पत्रा ओढून मोडला की चपडा. जगाला हाच हवा होता. 1890च्या दशकाच्या मध्यापासून ग्रामोफोनच्या तबकड्या लाखेच्या मिश्रणातून निघू लागल्या. 1948 साली व्हिनाइलची लांब तबकडी आली आणि ती मागणी ओसरली. लाखेच्या लाल रंगाचा परदेशातला व्यापार त्याआधीच कारखान्यातल्या कृत्रिम रंगांनी बुडवला होता. रंग गेला, तबकडी गेली, बांगडी टिकली.

टिकली, कारण तिला निखारा, लाकडी हत्ता आणि सराईत हात एवढंच लागतं. वितळलेल्या लाखेत दगडाची भुकटी मळून गोळा करतात, तो काठीच्या टोकाला लावून शेकतात. वर रंगीत लाखेची कांडी फिरवली की रंगाचा थर चढतो. मग हत्त्याने लाटून लांब वळी करायची, मापाला तोडायची, गोल साच्यावर वाकवायची आणि दोन्ही टोकं शेकून जोडायची. ऊब असेतोवरच खडे बसतात. थंड झाल्यावर काही चालत नाही, म्हणून कारागीर बोलतानाही हात थांबवत नाही. या बांगडीचा आणखी एक गुण म्हणजे ती शेकून मापाला मोठी करता येते, तडकली तर सांधता येते. काचेला ही सोय नाही.

गोंदियाच्या या झाडीपट्टीत पंगतीला पळस आणि बांगडीचं नातं पुरं होतं. पळसाची पानं बांबूच्या काड्यांनी टाचून पत्रावळ होते. तिच्यावर भात, वरण, आलू-वांग्याची भाजी पडते. वाढणारीच्या हातात लाखेच्या बांगड्या असल्या, तर ताट आणि दागिना एकाच झाडाचे. लग्नसमारंभात आता थर्माकोल आणि प्लॅस्टिक आलं, हातात प्लॅस्टिकच्या बांगड्या आल्या. दोन्ही स्वस्त आहेत आणि दोन्हींमुळे पळसाची कमाई आटते. कमाई आटली की झाड सरपणाला जातं.

दुसरा धोका घाईचा. पैशाची नड असली की बैसाखीचं पीक पक्व होण्याआधीच उन्हाळ्यात काढतात. अशा अपक्व लाखेला अरी लाख म्हणतात. पिल्लं बाहेर पडण्याआधीच फांदी तुटते, म्हणून पुढच्या हंगामाला बियाणं उरत नाही. रांचीजवळ नामकुम इथे 1924 पासून लाखेवर संशोधन करणारी संस्था आहे आणि शास्त्रशुद्ध लागवडीची माहिती तिथून मिळते. पण बियाणं राखायला उत्पादकाला दोन महिने थांबता आलं पाहिजे, आणि थांबायला त्याच्या हातात भाव पडला पाहिजे. तो भाव गिऱ्हाइकाकडून येतो.

तेव्हा पुढच्या लग्नसराईत गोंदियाकडे जाणं झालं, तर एक जोड लाखेच्या बांगड्या कारागिराच्या हातून भरून घ्या, आणि घरच्या कार्यात पंगत पळसाच्या पानावर वाढा.