मूलपेशी, अस्थि-उपास्थिजनक

हाड व उपास्थी (कूर्चा) घडवणाऱ्या पेशींची जनक पेशी. प्रौढ माणसात ती मुख्यतः अस्थिमज्जेच्या आधार-ऊतीत व हाडावरच्या पातळ आवरणात असते. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव अधिक रुळलेले, पण सैल आहे.

इतिहास : मज्जेतील काही पेशी संवर्धन-बशीच्या तळाला चिकटतात आणि एकेका पेशीपासून वसाहत वाढते, असे अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन यांनी मॉस्कोत १९६०–७० च्या सुमारास दाखवले. या पेशी प्राण्याच्या शरीरात पुन्हा रोवल्यावर तेथे हाड धरले. ‘मेसेन्कायमल स्टेम सेल’ हे नाव १९९१ मध्ये आर्नल्ड कॅप्लन यांनी रूढ केले. ते बदलावे असे २०१७ मध्ये त्यांनीच लिहिले.

ओळख : तीन रंजनांनी. अ‍ॅलिझरीनने कॅल्शियम लाल, अल्शियन ब्ल्यूने उपास्थीचे द्रव्य निळे, ऑइल रेडने मेदाचे थेंब तांबडे दिसतात. हाड, उपास्थी व मेद या तिन्ही वाटांनी जाणारी, बशीला चिकटणारी व ठरावीक पृष्ठ-खुणा असलेली पेशी, ही २००६ ची आंतरराष्ट्रीय कसोटी. मात्र बशीत रंग आला म्हणजे पेशी ‘मूल’ ठरली, असे नाही. खरा पुरावा रोपणाचाच. स्टॅनफर्डच्या गटाने २०१८ मध्ये वेगळी काढलेली मानवी कंकाल-मूलपेशी हाड, उपास्थी व आधार-ऊती देते, मेद देत नाही.

मुंबईचा परळ–करी रोड परिसर : येथील टाटा स्मारक रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलेले अस्थिमज्जा-रोपण भारतातील पहिले मानले जाते. ते रक्तजनक मूलपेशींचे. मज्जा एकच, पेशी निराळ्या. वृत्तपत्री लेखनात ही गल्लत नेहमीची. प्रस्तुत विषयाला जवळची गोष्ट म्हणजे याच रुग्णालयाची १९८८ पासूनची ऊती-पेढी. दात्याचे हाड धुऊन, गोठवून वाळवतात आणि गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. त्यात जिवंत पेशी उरत नाही. ते केवळ परांची. रुग्णाच्या स्वतःच्या जनक पेशी व केशवाहिन्या कडेकडेने आत शिरतात, जुने हाड खाणाऱ्या पेशी ते झिजवतात आणि त्या जागी नवे हाड बसते. मोठ्या तुकड्यात हे काम वर्षानुवर्षे चालते, कधी अपुरेच राहते. मूलपेशी बाहेरून न घालता तिचे काम करवून घेण्याची ही जुनी, रुळलेली रीत होय.

उपचार : २०१७ मध्ये मुंबईच्या रीग्रो बायोसायन्सेस या कंपनीच्या दोन उत्पादनांना औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. त्यांत रुग्णाच्याच, पण आधीच दिशा ठरलेल्या अस्थिजनक व उपास्थी-पेशी वाढवून देतात. काटेकोर अर्थाने त्या मूलपेशी नव्हेत. गुडघ्याच्या संधिवातासाठी बंगळुरूच्या स्टेमप्युटिक्स कंपनीचे, अनेक दात्यांच्या मज्जेपासून केलेले उत्पादन २०२२ मध्ये मान्य झाले. विक्री लोअर परळच्या अल्केम या औषध कंपनीकडे. झिजलेली कूर्चा त्याने पुन्हा उगवते की मुख्यतः दाह व वेदना घटतात, याबाबत मतभेद आहेत.

पशुवैद्यकातील वापर : घोड्यांच्या कंडरा-दुखापतींत.

पहा : अस्थिमज्जा, उपास्थी, ऊती-पेढी.