जोहार ते जय भीम

१९३५ साली पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीने पैठणच्या संत एकनाथांवर चित्रपट काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम, नाथांच्या भूमिकेत खुद्द बालगंधर्व. चित्रपटाचं नाव ठरलं होतं 'महात्मा'. ते इंग्रज सरकारच्या सेन्सॉरला खटकलं. महात्मा म्हटलं की लोकांना गांधीजीच आठवणार, त्यात विषय अस्पृश्यतेचा. शेवटी नाव बदलून 'धर्मात्मा' करावं लागलं. १५९९ साली समाधी घेतलेल्या संतावरचा चित्रपट एका शब्दापायी अडला होता.

'पोलिटिकल करेक्टनेस' हे अमेरिकेतून आलेलं फॅड आहे, असं कुणी म्हणालं की मला हा किस्सा आठवतो. खरं सांगायचं तर एकेकाळी मीही तसंच म्हणायचो. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर आमच्या सॉफ्टवेअरच्या जगात 'मास्टर' ब्रँचला 'मेन' म्हणायचं ठरलं. 'ब्लॅकलिस्ट'सारखे शब्दही बाजूला पडू लागले. आमच्या टीमच्या कॉलवर कुणीतरी म्हणालं, "आता हे पण?" सगळे हसले. मीही हसलो. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने गावोगावच्या वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, ढोरवस्ती ही नावं जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं येणार होती. तेव्हा मात्र मला हसू आलं नाही. माझं गाव पैठण तालुक्यातलं. ती जुनी नावं मी लहानपणापासून सहज उच्चारत आलो होतो. ती ऐकताना कुणाला काय वाटत असेल, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

नाथांच्या भारुडातला महार

पैठणला नाथांच्या गोष्टी सगळ्यांना पाठ असतात. गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडणारं महाराचं पोर नाथांनी कडेवर उचलून घेतलं. श्राद्धाचं अन्न ब्राह्मणांआधी अस्पृश्यांना वाढलं. या कथा झाल्या, पण भारुडं हातात आहेत. त्यांत नाथ कधी जोशी होतात, कधी गारुडी, कधी भुत्या. काही भारुडांत ते महार होतात आणि 'जोहार' घालून बोलायला लागतात.

जोहार म्हणजे महाराने गावकामगार म्हणून वरच्या जातींना, पाटील-कुलकर्ण्यांना घालायचा नमस्कार. रामराम बरोबरीच्या माणसांत होतो, जोहार खालून वर जातो. तोंड उघडण्याआधीच माणसाची जागा ठरवून टाकणारा हा शब्द. सोळाव्या शतकातला एक ब्राह्मण तो स्वतःच्या तोंडी घेतो आणि त्या महाराकडून गावाला शहाणपण सांगतो, हे धाडस लहान नव्हतं.

पण भारुड संपलं की नाथ वाड्यात परत जात आणि जोहार घालणारा वेशीबाहेर. यावर नेमकं बोट ठेवलं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९३६ साली त्यांचं 'जातिसंस्थेचं निर्मूलन' हे न झालेलं भाषण इंग्रजीत छापून आलं. गांधीजींनी 'हरिजन' साप्ताहिकात त्यावर टीका केली. तिला उत्तर देताना बाबासाहेबांनी थेट 'धर्मात्मा'चा उल्लेख केला. अस्पृश्यांना शिवण्याचं, त्यांच्यासोबत जेवण्याचं धैर्य दाखवलं म्हणून एकनाथ चित्रपटात नायक झाले आहेत. पण त्यांनी ते जातीला आणि अस्पृश्यतेला विरोध म्हणून केलं नाही, तर गंगास्नानाने विटाळ धुऊन निघतो असं मानून केलं, हा बाबासाहेबांचा आक्षेप. पैठणकराला हे वाचताना टोचतं. मलाही टोचलं. पण प्रश्न चुकीचा आहे असं म्हणता येत नाही: वागणं मऊ झालं, विटाळाची कल्पना तशीच राहिली, तर नेमकं काय बदललं?

प्रेमाने दिलेला शब्दही नको

हाच प्रश्न 'हरिजन' या शब्दाबाबत उभा राहिला. गांधीजींनी तो सद्भावनेने रूढ केला. १९३३ साली त्याच नावाने साप्ताहिक काढलं. 'अस्पृश्य'पेक्षा 'देवाची माणसं' हे ऐकायला किती छान! पण ज्यांना तो शब्द चिकटवला, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आलं. त्यात 'अनुसूचित जाती'ऐवजी 'हरिजन' हा शब्द होता. नाशिकचे भाऊराव गायकवाड, म्हणजे पुढचे दादासाहेब, यांनी हरकत घेतली. आम्ही देवाची माणसं, मग बाकीचे कुणाची, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न होता. सरकार बाळासाहेब खेरांचं, बहुमत काँग्रेसचं. सूचना फेटाळली गेली आणि बाबासाहेब स्वतंत्र मजूर पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग करून बाहेर पडले. जातीच्या दाखल्यांवर 'हरिजन' लिहू नये, असं केंद्र सरकारने राज्यांना कळवलं ते १९८२ साली. मधे चव्वेचाळीस वर्षं गेली. "शब्दाने काय फरक पडतो?" असं म्हणणाऱ्यांनी हाही हिशोब करावा. फरक पडत नसता, तर बहुमताने तो शब्द इतका घट्ट का धरून ठेवला?

याउलट 'जोहार' गेला तो कुठल्याही सरकारी आदेशाविना. त्याच्या जागी 'जय भीम' आला. ही अभिवादनाची पद्धत रुजवण्याचं श्रेय कामठीच्या बाबू हरदास यांना दिलं जातं. एका समाजाने वाकून करायचा नमस्कार टाकला आणि ताठ मानेने करायचा स्वीकारला. 'दलित' शब्दाचंही तसंच. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि त्यांचे साथी 'दलित पँथर' म्हणून उभे राहिले तेव्हा ते नाव कुणी दिलेलं नव्हतं, त्यांनी घेतलेलं होतं. म्हणूनच २०१८ साली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासमोर विषय गेल्यानंतर, केंद्राने वाहिन्यांना 'दलित' टाळून 'अनुसूचित जाती' म्हणण्याचा सल्ला दिला तेव्हा अनेक कार्यकर्ते चिडले. काहींना तो बदल पटलाही. पण घटनेतला शब्द हक्काचा आणि चळवळीतला शब्द रागाचा; एकाने दुसऱ्याचं काम होत नाही.

दोन शब्दांमधली सोळा वर्षं

शब्दाची किंमत मराठवाड्याला सांगायची गरज नाही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला आणि गावोगावी दलित वस्त्या पेटल्या. पोचीराम कांबळेंसारखी माणसं मारली गेली. विद्यापीठ पैठणहून तासा-दीड तासाच्या अंतरावर. पुढे लाँग मार्च निघाले, गोळीबार झाले, १९९३ साली नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतलं. शेवटी १४ जानेवारी १९९४ रोजी नाव बदललं, ते 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असं. जुनं नाव राहिलं, नवं जोडलं गेलं. सरकारी शब्द ठरला 'नामविस्तार'. चळवळीचा शब्द होता 'नामांतर'. एका शब्दात माघार होती, दुसऱ्यात मागणी. आजही कोण कुठला शब्द वापरतो, यावरून त्या सोळा वर्षांत त्याचं घर कुठल्या बाजूला होतं, याचा अंदाज येतो.

हे सगळं वाचल्यावर मी माझ्यापुरते दोन प्रश्न ठरवले. कुठलाही शब्द बदलायची वेळ आली की आधी विचारायचं: हा बदल कुणी मागितला? आणि त्याच्यासोबत आणखी काय बदलणार आहे? 'मास्टर'चं 'मेन' करताना आमच्या कंपनीत पहिला प्रश्न कुणी विचारला नाही, दुसराही नाही. एक कमांड दिली, काम संपलं. वस्तीची पाटी बदलणं तितकंच सोपं आहे. स्मशानभूमीचा रस्ता आणि नळाचं पाणी त्या कमांडने बदलत नाही. पण म्हणून पाटी जुनीच ठेवा, असंही नाही. आपल्या घराचा पत्ता सांगताना मान खाली घालावी लागू नये, ही मागणी छोटी नाही.

मग भारुडांतला जोहारही काढायचा का? नाही. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, नाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. लोकांनी आपापल्या सोयीने मजकुरात घुसडलेलं त्यांनी बाजूला काढलं. जुन्या मजकुरात हात घालू नये, हे पैठणनेच शिकवलंय. नाथषष्ठीला कुणी ते भारुड म्हणेल, तेव्हा जोहार ऐकू येऊ दे. तो कुणाला, का घालावा लागायचा, तेही सोबत सांगितलं जाऊ दे.

आमच्या गावात नव्या नावाची पाटी लागली आहे. दिवाळीत गेलो होतो तेव्हा पार्सलवाल्या पोराने वेशीजवळ थांबून त्या वस्तीचा रस्ता विचारला. त्याच्या मोबाइलवर नवं नाव होतं. पारावरच्या माणसाला ते कळलं नाही. मग त्याने स्वतःच जुनं नाव घेऊन खात्री केली आणि रस्ता दाखवला. मी शेजारीच उभा होतो. जुनं नाव माझ्याही तोंडावर आलं होतं. मी नवं नाव पुन्हा एकदा म्हणालो, जरा मोठ्याने.