चपळता व प्रतिक्रिया प्रशिक्षण (बास्केटबॉल)

चपळता व प्रतिक्रिया प्रशिक्षण हा बास्केटबॉल खेळणाऱ्या कुमार खेळाडूंच्या शारीरिक तयारीचा एक भाग आहे. प्रतिस्पर्ध्याची हालचाल किंवा चेंडूची दिशा ओळखून शरीराचा वेग अथवा दिशा तत्काळ बदलण्याच्या क्षमतेस चपळता म्हणतात. सरळ रेषेत वेगाने धावणारा खेळाडू चपळ असेलच असे नाही.

स्वरूप

बास्केटबॉलचे मैदान २८ मीटर लांब व १५ मीटर रुंद असते. चेंडू ८ सेकंदांत पुढील अर्ध्या मैदानात नेणे बंधनकारक असल्याने खेळाडूस थोड्या जागेत वारंवार थांबावे, वळावे व पुन्हा वेग घ्यावा लागतो.

सराव

शंकूंभोवती धावण्याच्या सरावात मार्ग आधीच ठाऊक असतो. त्यामुळे पावलांना वळण लागते, परंतु निर्णयक्षमतेचा कस लागत नाही. प्रतिक्रियेच्या सरावात दिशा ऐनवेळी समजते. प्रशिक्षकाच्या हाताच्या खुणेनुसार सरकणे, हातातून सुटलेला चेंडू दुसऱ्या टप्प्याआधी पकडणे आणि समोरच्या खेळाडूच्या हालचालीची नक्कल करणे हे त्याचे प्रकार होत.

खो-खोशी संबंध

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांसारख्या ग्रामीण भागात खो-खो हा शाळकरी मुलांच्या परिचयाचा खेळ आहे. या खेळाचे नियम १९१४ च्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने निश्चित केले. पाठीवर थाप व 'खो' हा शब्द मिळताच बसलेला खेळाडू उठून धावतो. पळणारा त्याची दिशा पाहून हुलकावणी देतो. स्पर्श, ध्वनी व दृष्टी या तिन्ही संकेतांना प्रतिसाद देण्याचा सराव त्यात आपोआप घडतो आणि त्यासाठी महागडे साहित्य लागत नाही. मात्र खो-खोत पाठलाग करणाऱ्यास एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत बदलता येत नाही. बास्केटबॉलमधील बचावात आडवे व मागे सरकावे लागते. म्हणून खो-खो हा पूरक सराव ठरतो, पर्याय नव्हे.

दक्षता

उंची झपाट्याने वाढण्याच्या काळात शरीराचा तोल व समन्वय काही काळ बिघडू शकतो. अचानक थांबताना व उडीनंतर जमिनीवर येताना गुडघ्याच्या अस्थिबंधास इजा होण्याचा धोका असतो. किशोरवयीन मुलींमध्ये तो अधिक आढळतो. त्यामुळे वेग वाढवण्यापूर्वी गुडघे वाकवून, ते आत झुकू न देता थांबण्यास शिकवले जाते. पावसाळ्यात निसरड्या मैदानावर तीव्र वळणांचा सराव टाळणे इष्ट असते. दमलेल्या खेळाडूची प्रतिक्रिया मंदावते व पाऊल चुकते. म्हणून हा सराव अंग गरम केल्यानंतर, थकवा येण्यापूर्वी व पुरेशा विश्रांतीसह घेतला जातो.