पॉवरबोटची सरकती खुर्ची: दुरुस्ती की बदली?

अमेरिकेत उन्हाळा आला की आपल्यातील काही कुटुंबे बोट घेऊन तळ्यावर किंवा समुद्रावर जातात. इंजिनची तपासणी होते, चालकाची खुर्ची मात्र राहून जाते. भर वेगात खुर्ची अचानक मागे सरकली तर चालकाचा हात स्टिअरिंगवरून सुटू शकतो. म्हणून ही माहिती देत आहोत.

आधी खुर्ची धरून हलवून पाहावी. ती मागेपुढे सरकत असेल तर दोष रुळात किंवा खटक्यात असतो. खांबासकट डुलत असेल तर तळाचे स्क्रू किंवा त्याखालचे लाकूड तपासावे.

रूळ जाम झाला असल्यास गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून मरीन ग्रीस लावावे. खटक्याचे दात झिजले असतील किंवा रुळाला तडा गेला असेल तर पूर्ण जोडच बदलावा.

नवा जोड मागवण्यापूर्वी खांबाचा व्यास (बहुधा २-३/८ किंवा २-७/८ इंच), उंची आणि बोल्टच्या छिद्रांमधील अंतर मोजावे. खाऱ्या पाण्यासाठी ३१६ स्टेनलेसचे बोल्ट घ्यावेत. खालचे लाकूड कुजले असेल तर आधी ते बदलावे, कारण त्यात नवा स्क्रूही धरत नाही. शक्य तेथे बोल्ट आरपार घालून खाली धातूची पट्टी द्यावी आणि छिद्रे मरीन सीलंटने बंद करावीत.

खुर्ची पक्की असली तरी इंजिन बंद करणारी दोरी चालकाने अंगाला अडकवावीच. २६ फुटांपेक्षा लहान बोटींसाठी १ एप्रिल २०२१ पासून तसा संघीय नियमही आहे.