आयर्लंडमध्ये पाच दिवस गोल्फ खेळायचंय? लिंक्स कोर्स निवडण्याआधी नकाशा का पाहायला हवा?

रॉयल पोर्टरश, रॉयल काउंटी डाउन, बॅलीबनियन, लाहिंच. आयर्लंड बेटावरच्या उत्तम गोल्फ कोर्सच्या बहुतेक याद्यांमध्ये ही चार नावं वरच दिसतात. पाच दिवसांच्या सुट्टीत चारही उरकता येतील, असं यादी वाचताना वाटू शकतं. पण पोर्टरश बेटाच्या उत्तर टोकाला आहे, तर बॅलीबनियन नैऋत्य किनाऱ्यावर. मध्ये चारशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे गाडीने साधारण सहा तास. शिवाय वाटेत एक सीमाही लागते आणि भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांसाठी ती महत्त्वाची आहे.

लिंक्स म्हणजे नेमकं काय?

समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधला वाळूच्या टेकड्यांचा, आखूड गवताचा पट्टा म्हणजे लिंक्स. ही जमीन शेतीच्या फारशी कामाची नव्हती, म्हणून तिथे मेंढ्या चरल्या आणि पुढे गोल्फ आला. वाळूतून पाणी लगेच झिरपतं, त्यामुळे जमीन टणक राहते आणि चेंडू पडल्यावर बराच घरंगळतो. झाडं जवळपास नसतात, वारा मात्र सतत असतो. भारतातल्या झाडीच्या, मऊ हिरवळीच्या कोर्सवर खेळणाऱ्याला उंच फटका मारायची सवय असते. इथे तोच फटका वाऱ्याने कुठल्या कुठे जातो. चेंडू खालून, जमिनीलगत न्यावा लागतो.

समुद्रकाठचा प्रत्येक कोर्स लिंक्स नसतो, हेही लक्षात ठेवायला हवं. कॉर्कच्या दक्षिणेचा ओल्ड हेड कोर्स फोटोंमध्ये अप्रतिम दिसतो, पण तो कड्यावर आहे, वाळूवर नाही.

वेळ कमी असेल तर डब्लिन

सगळ्यात सोपा पर्याय डब्लिन. १८९४मध्ये स्थापन झालेला पोर्टमार्नॉक क्लब विमानतळापासून जवळ आहे. (या क्लबने महिलांना सभासदत्व द्यायचं ठरवलं ते थेट २०२१मध्ये.) रॉयल डब्लिन ज्या बुल आयलंडवर आहे, ते बेट बंदरासाठी बांधलेल्या भिंतीमुळे वाळू साचून गेल्या दोनशे वर्षांत तयार झालं. जवळच डोनाबेटला 'द आयलंड' आहे, तिथे पूर्वी सभासद होडीने यायचे. थोडं उत्तरेला बॅल्ट्रे गावात काउंटी लाउथ क्लब. शहरात एकाच हॉटेलात राहून हे सगळं होतं आणि सोबतच्या न खेळणाऱ्यांचीही सोय होते.

नैऋत्येची जोडी

मोठ्या टेकड्या आणि अटलांटिकचा वारा हवा असेल, तर डब्लिनऐवजी शॅनन विमानतळाच्या दिशेने विचार करावा. तिथून लाहिंच साधारण तासाभरावर आहे. या कोर्सवरच्या 'डेल' नावाच्या होलमध्ये ग्रीन टेकडीमागे लपलेलं असतं. टेकडीवरचा पांढरा दगड पाहून फटका मारायचा, चेंडू कुठे पडला ते नंतर जाऊन बघायचं. बकऱ्या क्लबहाउसजवळ आल्या की हवा बिघडणार, असंही इथे मानतात.

लाहिंचहून बॅलीबनियनला जाताना किलिमर ते टार्बर्ट ही फेरी घ्यावी. गाडीसकट शॅनन नदी सुमारे वीस मिनिटांत पार होते आणि लिमरिकचा वळसा वाचतो. पुढे अर्नोल्ड पामरने आखलेला ट्रलीचा कोर्सही याच टप्प्यात बसतो. वॉटरव्हिल मात्र आणखी दूर आहे. ते जोडलं तर पुन्हा गाडीतच दिवस जातो.

उत्तरेला जायचं तर व्हिसा

पोर्टरश आणि काउंटी डाउन ही जोडी कमाल आहे. पोर्टरशवर १९५१, २०१९ आणि २०२५मध्ये ओपन स्पर्धा झाली. २०१९मध्ये आयर्लंडचाच शेन लोरी जिंकला. पण हे दोन्ही कोर्स उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनच्या हद्दीत आहेत. सीमेवर नाका नाही, पासपोर्ट सहसा कोणी मागत नाही. म्हणून व्हिसा लागत नाही असा समज होतो आणि तो चुकीचा आहे.

भारतातून जाणाऱ्यांच्या अल्पमुदतीच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' असा शेरा असेल, तर एकाच व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. मात्र ज्या देशाने व्हिसा दिला, तिथे आधी उतरावं लागतं. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालत नाही. डब्लिनमध्ये नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी मंडळींनाही, पासपोर्ट भारतीय असेल तर, उत्तरेत एका दिवसासाठी जायलासुद्धा ब्रिटनचा व्हिसा लागतो. तिथे खर्च युरोत नाही, पाउंडात.

किती राउंड, किती खर्च?

पाच दिवसांत तीन, फार तर चार राउंड. वाळूच्या टेकड्यांवरून १८ होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल असते आणि बऱ्याच क्लबांत बग्गी सहज मिळत नाही. नामांकित क्लबांची ग्रीन फी हंगामात तीनशे युरोंच्या पुढे जाते. म्हणून एक-दोन मोठी नावं आणि बाकी शेजारचे कमी गाजलेले कोर्स, हे गणित बरं पडतं. डोनेगॉल, स्लायगो, मेयो या वायव्य भागात पैसे कमी लागतात, रस्ता मात्र जास्त.

मे आणि सप्टेंबर हे महिने त्यातल्या त्यात चांगले. जूनमध्ये पश्चिमेला रात्री दहापर्यंत उजेड असतो. बरेच क्लब काही दिवस किंवा वेळा सभासदांसाठी राखून ठेवतात, त्यामुळे आधी टी टाइम पक्का करावा, मग विमानाचं तिकीट काढावं. अनेक ठिकाणी हँडिकॅपचं प्रमाणपत्र मागतात, ते भारतातल्या क्लबमधून निघतानाच घ्यावं. कॅडीचे पैसे बहुधा रोख द्यावे लागतात.